घसा, कान आणि पंधरा मिलिलिटरची बाटली

प्रतिजैविकांच्या गैरवापराची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच अंगाने होते. डॉक्टर नको तिथे औषध लिहून देतात, पालक ते मागून घेतात, मेडिकलवाले चिठ्ठीवाचून विकतात आणि जंतू शिरजोर होतात. यात खोटे काही नाही. परंतु औषध द्यावे की देऊ नये या पहिल्या प्रश्नाच्या गदारोळात, द्यायचेच झाले तर कोणते द्यावे, हा दुसरा प्रश्न झाकला जातो. आणि लहान मुलांच्या कान, नाक व घशाच्या आजारांपुरते बोलायचे तर तो पहिल्याइतकाच निकडीचा आहे. या आजारांत पहिल्या पसंतीचे औषध कोणते, याबद्दल जगातल्या प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांमध्ये फारसा वाद उरलेला नाही. ते अमॉक्सिसिलिन आहे, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे वापरात असलेले, स्वस्त आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारे औषध. तरीही आपल्या मुलांच्या चिठ्ठ्यांवर अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम ही दोन नावे ज्या सहजतेने उमटतात, त्या सहजतेचे कारण केवळ डॉक्टरांच्या अज्ञानात शोधणे मला पुरेसे वाटत नाही. ते दवाखान्याच्या फीमध्ये, मेडिकलच्या फळीवर आणि औषधाच्या बाटलीच्या मापातही शोधावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटात नेहमीच्या आजारांसाठी आधी वापरावयाची औषधे आहेत, दुसऱ्यात प्रतिरोधाचा, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा, धोका अधिक असल्यामुळे जपून वापरावयाची, आणि तिसऱ्यात अगदी शेवटच्या उपायासाठी राखून ठेवावयाची. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड दिलेले अमॉक्सिसिलिन ही सारी पहिल्या गटात येतात. अझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम आणि सेफडिनिर ही दुसऱ्या गटातली औषधे. आता आपल्या बाजाराकडे पाहावे. भारतातील खासगी क्षेत्रातल्या प्रतिजैविकांच्या खपाचा २०१९ या वर्षाचा तपशीलवार अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सर्वाधिक खपाचे औषध अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी हे होते आणि दुसऱ्या क्रमांकावर सेफिक्सिमची २०० मिलिग्रॅमची गोळी होती. या गोळ्या मोठ्या माणसांच्या आहेत हे खरे. मुलांच्या पातळ औषधांविषयी त्यावरून थेट निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु ज्या दवाखान्यात वडिलांच्या घशाला पहिली गोळी अझिथ्रोमायसिनची मिळते, तिथे पाचवीतल्या मुलाच्या घशाला वेगळा न्याय मिळेल असे मानण्यास फारसा आधार नाही.

घशापासून सुरुवात करू, कारण इथे आपली परिस्थिती युरोपपेक्षा खरोखरच वेगळी आहे. मुलाचा घसा धरतो, ताप येतो, घास गिळताना ते रडते, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा विषाणू असतात आणि विषाणूवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. घसा दुखणाऱ्या शाळकरी वयाच्या दहा मुलांपैकी साधारण दोन-तीन मुलांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा जिवाणू सापडतो. तीन वर्षांखालील मुलांत तो आजाराचे कारण क्वचितच असतो. सोबत नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल किंवा डोळे आले असतील, तर विषाणूचीच शक्यता अधिक धरावी. उलट, एकाएकी चढलेला ताप, खोकल्याचा पत्ता नाही, सुजलेल्या टॉन्सिलवर पांढुरके ठिपके आणि जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूला हात लावताच दुखणाऱ्या गाठी असे चित्र असेल, तर स्ट्रेप्टोकॉकसचा संशय बळावतो. हे सारे पाहायला एक टॉर्च, जीभ दाबायची पट्टी आणि दोन मिनिटे लागतात. शंका उरली तर घशाचा स्वॅब घेऊन काही मिनिटांत उत्तर देणारी तपासणी जगात उपलब्ध आहे. आपल्याकडच्या बहुतांश दवाखान्यांत मात्र ती वापरात नाही, आणि स्वॅबचे कल्चर करून अहवाल येईपर्यंत एक-दोन दिवस जातात.

नेदरलँड्समधला किंवा स्कॉटलंडमधला डॉक्टर घसा दुखणाऱ्या बहुतेक मुलांना पॅरासिटामॉलवर घरी पाठवू शकतो, कारण त्या समाजांत घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसमागून येणारा ऱ्हुमॅटिक फीव्हर जवळजवळ नाहीसा झाला आहे. आपल्याकडे तो नाहीसा झालेला नाही. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो आणि काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. अशा मुलांना पुढे वर्षानुवर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि त्यातल्या कित्येकांच्या झडपेवर तरुणपणीच फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने उपचार करावे लागतात. त्यामुळे ‘परदेशात तर घशाला औषधच देत नाहीत’ हा युक्तिवाद भारतात जसाच्या तसा लागू करणे मला धोक्याचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतही हा भेद स्पष्ट आहे: जिथे ऱ्हुमॅटिक फीव्हरचा धोका कमी आहे तिथे पाच दिवस, आणि जिथे तो अजून आढळतो तिथे पूर्ण दहा दिवस औषध द्यावे.

मात्र या धोक्याचा अर्थ अधिक ‘पॉवरफुल’ औषध द्यावे असा होत नाही. किंबहुना नेमका उलटा होतो. पेनिसिलिनने ऱ्हुमॅटिक फीव्हर टळतो हे १९५० च्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या एका लष्करी तळावरच्या जवानांवर केलेल्या प्रयोगांतून सिद्ध झाले, आणि घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केले तरी ते संरक्षण मिळते हेही त्याच सुमारास दिसून आले. त्यानंतर सात दशके उलटली, अब्जावधी मात्रा दिल्या गेल्या, तरी पेनिसिलिनला दाद न देणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस रुग्णांमध्ये पक्केपणी आढळलेला नाही. जिवाणूंच्या जगात अशी निष्ठा विरळाच. याच जिवाणूने अझिथ्रोमायसिनच्या गटातल्या औषधांना मात्र अनेक देशांत प्रतिरोध दाखवला आहे. म्हणूनच मार्गदर्शक तत्त्वे अझिथ्रोमायसिनला जागा देतात ती पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलापुरती. ज्या आजारात आपल्याला झडपेची चिंता आहे, त्याच आजारात अचूक लागू पडणारे औषध बाजूला ठेवून कधी लागू पडेल तर कधी नाही असे औषध निवडणे, आणि तेही तीन दिवस देऊन थांबवणे, याला सावधगिरी म्हणता येत नाही.

अ‍ॅलर्जीचे प्रकरणही थोडे तपासून घ्यायला हवे. अमॉक्सिसिलिन सुरू असताना अंगावर पुरळ आले की घरात ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असे कायमचे ठरते आणि ते वाक्य त्या मुलाच्या पुढच्या प्रत्येक चिठ्ठीबरोबर प्रवास करते. विषाणूंच्या अनेक आजारांत पुरळ आपोआप येते, आणि एप्स्टाइन-बार विषाणूमुळे घसा सुजलेल्या मुलाला अमॉक्सिसिलिन दिले तर अंगभर पुरळ उठणे ही वैद्यकातली सर्वपरिचित गोष्ट आहे. ती खरी अ‍ॅलर्जी नव्हे. असा शिक्का बसलेल्या मुलांची नीट तपासणी केली तर बहुसंख्य मुलांना पेनिसिलिन सुरक्षितपणे देता येते. औषध घेताच तासाभरात गांधी उठणे, ओठ-चेहरा सुजणे, धाप लागणे ही लक्षणे मात्र वेगळी आहेत आणि ती कधीही दुर्लक्षू नयेत.

आता कान. रात्री दोन वाजता कान ठणकणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ‘वाट पाहा’ असे सांगणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. पण वाट पाहण्यामागे शास्त्र आहे. मधल्या कानाला सूज येऊन दुखणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची वेदना कोणतेही प्रतिजैविक न देता पहिल्या २४ तासांत थांबते. प्रतिजैविक दिल्याने दोन-तीन दिवसांनंतरच्या वेदनेत जो फरक पडतो, तो साधारण २० मुलांना औषध द्यावे तेव्हा एका मुलाला मिळतो. आणि तेवढ्याच औषधाने साधारण १४ मुलांमागे एका मुलाला जुलाब, उलटी किंवा पुरळ यांचा त्रास होतो. म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्ये दिलेल्या सूचनांत सहा महिन्यांवरील मुलांसाठी असा भेद केला आहे: ३९ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, असह्य किंवा दोन दिवस टिकलेली वेदना, कानातून पू, किंवा दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान धरलेले असणे, यांत औषध लगेच सुरू करावे, बाकीच्या सौम्य आजारात वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास लक्ष ठेवता येते. लक्ष ठेवणे याचा अर्थ सोडून देणे नव्हे. कानामागचे हाड सुजले, कान पुढे ढकललेला दिसू लागला, मूल मलूल झाले किंवा मान आखडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते.

या सगळ्या भेदाचा पाया एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे कानाचा पडदा प्रत्यक्ष पाहणे. मधल्या कानाच्या जिवाणूजन्य आजाराची भरवशाची खूण म्हणजे बाहेरच्या बाजूला फुगलेला पडदा. नुसता लालसर पडदा पुरावा होत नाही. मूल दहा मिनिटे रडले तरी पडदा लाल होतो. मळामुळे पडदा दिसत नसेल तर तो मळ काढावा लागतो, मुलाचे डोके आईने धरून ठेवावे लागते, आणि बाहेर पस्तीस पेशंट खोळंबलेले असतात. मूल कानाला सारखे हात लावते एवढ्यावर चिठ्ठी लिहिली जाते ती इथे. कानात पाहण्याचा ओटोस्कोप हे काही महागडे यंत्र नाही. तो वापरायला लागणारा वेळ महाग आहे.

आणि औषध द्यायचे ठरले की पुन्हा अमॉक्सिसिलिनच, पण इथे मोठ्या मात्रेत. मधल्या कानात प्रामुख्याने न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मोरॅक्सेला हे तीन जिवाणू असतात. त्यांतला न्यूमोकॉकस सर्वांत त्रासदायक, आणि अमॉक्सिसिलिनची मात्रा वाढवली की पेनिसिलिनला थोडाफार प्रतिरोध करणारा न्यूमोकॉकसही नमतो. उरलेल्या दोघांपैकी कित्येक जिवाणू अमॉक्सिसिलिन फोडून टाकणारे विकर बनवतात, म्हणून दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, महिन्याभरात आधी अमॉक्सिसिलिन होऊन गेले असेल, किंवा कानाबरोबर डोळेही आले असतील, तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड घ्यावी, असा क्रम आहे. सेफिक्सिमची गोष्ट याच्या उलट: ते हिमोफिलसवर चांगले चालते, पण प्रतिरोध करू पाहणाऱ्या न्यूमोकॉकसवर दुबळे पडते. अझिथ्रोमायसिनला आपल्याकडचा न्यूमोकॉकस मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही आणि मधल्या कानातल्या हिमोफिलसलाही ते नीट हटवत नाही. म्हणजे ज्यांना लोक ‘पुढची’ औषधे समजतात, ती या कामासाठी मागचीच ठरतात.

मग ती लिहिली का जातात? याचे एक उत्तर अंकगणितात आहे, आणि ते क्वचितच कुणी मांडते. बारा किलो वजनाचे, दोन-अडीच वर्षांचे मूल घ्या. अझिथ्रोमायसिनच्या पाच मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम औषध असलेली १५ मिलिलिटरची बाटली बाजारात सर्वत्र मिळते. किलोमागे १० मिलिग्रॅम या हिशेबाने त्या मुलाला दिवसाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे तीन मिलिलिटर औषध लागते. दिवसातून एकदा, पाच दिवस, एकूण १५ मिलिलिटर. बाटली नेमकी संपते. आता त्याच मुलाला कानासाठी अमॉक्सिसिलिन द्या. किलोमागे दिवसाला ८० मिलिग्रॅम धरले तर दिवसाचे ९६० मिलिग्रॅम होतात. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमवाली बाटली घेतली तर दिवसाला ३८ मिलिलिटरहून जास्त औषध पाजावे लागेल, म्हणजे ३० मिलिलिटरची बाटली एक दिवसही पुरणार नाही. २५० मिलिग्रॅमवाली घेतली तरी दिवसाला १९ मिलिलिटर, सात दिवसांना सुमारे १३४ मिलिलिटर, म्हणजे ६० मिलिलिटरच्या तीन बाटल्या. प्रत्येक बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, भुकटीच्या गुठळ्या मोडेपर्यंत हलवायचे आणि थुंकणाऱ्या मुलाला दिवसातून दोनदा जवळजवळ दहा-दहा मिलिलिटर पाजायचे.

पालक तीन बाटल्या आणत नाहीत. ते एक आणतात, ती संपली की कोर्स संपला असे समजतात, आणि ते समजणे अगदी स्वाभाविक आहे, कारण बाटली संपली की औषध संपते हाच घराघरातला नियम आहे. किंवा डॉक्टरच मात्रा खाली आणतात आणि ‘एक चमचा सकाळ-संध्याकाळ’ असे लिहितात, ज्याने बारा किलोच्या मुलाच्या कानातला न्यूमोकॉकस हलतही नाही. चौथ्या दिवशी ताप तसाच असतो, अमॉक्सिसिलिन ‘लागू पडले नाही’ अशी त्याची अपकीर्ती होते, आणि पुढच्या वेळी थेट ‘स्ट्राँग’ औषध लिहिले जाते. एका चांगल्या औषधाचे नाव कमी मात्रेने खराब झालेले असते. वजन न करता लिहिलेली चिठ्ठी ही या साखळीची पहिली कडी आहे, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. दवाखान्यात वजनकाटा असतो, पण गर्दीत मुलाला त्यावर उभे करण्याऐवजी वय विचारून भागवले जाते.

कानाचाच आणखी एक आजार आहे, ज्यात औषधाची निवड याहूनही सोपी आणि चूक याहूनही सर्रास होते. पडद्याला भोक पडून महिनोन्‌महिने वाहणारा कान. अशा कानाला तोंडावाटे प्रतिजैविकाचे एकामागून एक कोर्स देणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. कान स्वच्छ कापसाच्या किंवा सुती कापडाच्या वातीने दिवसातून काही वेळा कोरडा करणे, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनचे थेंब कानातच घालणे, हा त्याचा मुख्य उपचार. थेंबांतून औषध जेवढ्या प्रमाणात तिथे पोचते तेवढे ते रक्तावाटे कधीच पोचत नाही. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब मात्र आतल्या कानाला अपाय करू शकतात. आणि लसणीचे गरम तेल, मग ते आजीने कितीही मायेने कढवलेले असो, वाहत्या कानात घालू नये. अशा मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे. वर्गात ‘लक्ष देत नाही’ म्हणून मार खाणाऱ्या मुलांत कमी ऐकू येणारी मुले असतात.

नाकाविषयी थोडक्यात सांगता येते. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जंतुसंसर्ग झाला ही समजूत चुकीची आहे. साध्या सर्दीतही तीन-चार दिवसांनी त्याचा रंग बदलतो. सर्दी दहा दिवसांहून अधिक काळ जराही न ओसरता टिकली, बरी होत आल्यावर पुन्हा तापासह उलटली, किंवा पहिल्यापासूनच ३९ अंशांचा ताप आणि पुवासारखा स्राव सलग तीन दिवस राहिला, तरच सायनसच्या जिवाणूजन्य आजाराचा विचार करायचा. तेव्हाही औषधाची सुरुवात अमॉक्सिसिलिनच्याच घराण्यातून होते. बाकी सर्दीला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि धीर.

एवढ्याने काय बिघडते, असे कुणी विचारील. मूल तर बरे झाले. पण मूल बरे होणारच होते. औषधाच्या खात्यावर ते श्रेय जमा झाले एवढेच. बिघडते ते दुसरीकडे. अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम ही दोन औषधे आपल्या देशात विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या, तोंडावाटे घ्यावयाच्या उपचाराचा कणा आहेत. पूर्वी या आजाराला सिप्रोफ्लॉक्सासिन चालत असे; ते आता भारतातल्या टायफॉइडच्या जंतूवर बहुतांशी निकामी झाले आहे. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरापासून सुरू होऊन, २०१६ पासून जो टायफॉइड पसरला त्याने सेफ्ट्रिॲक्सोन या इंजेक्शनसकट बहुतेक औषधांना दाद देणे थांबवले आणि तोंडावाटे देण्यासाठी जवळपास एकटे अझिथ्रोमायसिन उरले. आपल्या सीमेपलीकडे घडलेली ही गोष्ट आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस मोहीम काढून टोचली, ती उगाच नव्हे. ज्या शहरांत टायफॉइड अजून घरोघरी परिचित आहे, तिथे त्याच्यावरची उरलेली दोन हत्यारे सर्दी-खोकल्यावर बोथट करीत बसणे हा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अविचार वाटतो. अझिथ्रोमायसिनचे तर आणखी एक वैशिष्ट्य असे की ते शरीरात अनेक दिवस रेंगाळते. शेवटच्या मात्रेनंतरही ते अल्प प्रमाणात उरते, आणि घशात-आतड्यांत वस्तीला असलेल्या जंतूंना त्या अल्प प्रमाणात जगायला शिकण्याची सवड मिळते.

या अविचाराचे खापर एकट्या डॉक्टरवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही. आपल्याकडे डॉक्टरची पारख ‘त्याच्या औषधाचा गुण येतो का’ यावर होते, आणि गुण म्हणजे दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी ताप असला तर पालक दुसरा दवाखाना गाठतात. त्या दुसऱ्या दवाखान्यात पोचेपर्यंत आजाराचे दिवस भरत आलेले असतात, ताप उतरतो आणि यश दुसऱ्या डॉक्टरच्या पदरात पडते. जो डॉक्टर योग्य तेच करतो त्याला दंड आणि जो घाई करतो त्याला बक्षीस अशी ही रचना आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांची बाजूही समजून घ्यावी लागते. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला या, असे सांगितले म्हणजे एक रोज बुडतो, गाडीभाडे जाते आणि फी पुन्हा द्यावी लागते. अशा घराला ‘वाट पाहा’ हा सल्ला शास्त्रशुद्ध असला तरी महाग आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टर चिठ्ठी देऊन ठेवतात आणि तीन दिवसांत बरे वाटले नाही तरच औषध घ्या म्हणतात. आपल्याकडे दवाखान्याच्या पायरीलाच मेडिकल असते, त्यामुळे ती चिठ्ठी त्याच संध्याकाळी वटते. गंमत म्हणजे परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही तिथल्या डॉक्टरच्या संयमावर वैतागून सुट्टीहून परतताना सामानात इथली भुकटीची बाटली नेतात.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. सेफिक्सिमसारखी औषधे मार्च २०१४ पासून एच-१ या परिशिष्टात आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विकल्याची वेगळी नोंद दुकानदाराने तीन वर्षे ठेवायची असते. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना पत्र पाठवून प्रतिजैविक लिहिताना त्याचे नेमके कारण चिठ्ठीवर नोंदवण्यास सांगितले. ही सूचना मला फार मोलाची वाटते, कारण ‘घसा – स्ट्रेप्टोकॉकसचा संशय’ असे लिहावे लागले की त्यापुढे अझिथ्रोमायसिन लिहिणारा हात क्षणभर थबकतो. परंतु मुलांचा घसा आणि कान वैद्यकीय महाविद्यालयात क्वचितच जातात. ते गल्लीतल्या दवाखान्यात जातात, आणि तिथपर्यंत त्या पत्राचा आवाज पोचलेला नाही.

त्यामुळे उपाय शोधायचा तर तो जिथे निवड घडते तिथेच, बाटली, फी आणि इंजेक्शन यांच्या पातळीवर शोधावा, असे मला वाटते. अमॉक्सिसिलिनची पाण्यात विरघळणारी २५० मिलिग्रॅमची गोळी अस्तित्वात आहे. मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना तिचीच शिफारस करते. वर ज्या बारा किलोच्या मुलाचा हिशेब केला, त्याला दोन गोळ्या सकाळी आणि दोन संध्याकाळी, चमचाभर पाण्यात विरघळवून, म्हणजे किलोमागे ८३ मिलिग्रॅम, बरोबर मापात. सात दिवसांच्या २८ गोळ्या. पाणी कुठवर घालायचे हा प्रश्न नाही, फ्रिज नाही, बाटली अर्ध्यात संपण्याची भानगड नाही आणि पातळ औषधाहून ती स्वस्तही पडते. खासगी डॉक्टरांनी ती लिहावी आणि मेडिकलवाल्यांनी ती ठेवावी, यासाठी नवे संशोधन लागत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या शहरोशहरीच्या संघटनांनी मनावर घेतले तरी पुष्कळ काम होईल. जे पातळच घेतील त्यांच्यासाठी कोर्स पुरा होईल एवढ्या मापाची बाटली काढण्यास औषध कंपन्यांना भाग पाडणे हे शासनाच्या हातात आहे.

पुन्हा दाखवण्याची फी न घेण्याची रीत आपल्याकडच्या कित्येक जुन्या डॉक्टरांनी पाळली आहे. तीन दिवसांच्या आत त्याच तक्रारीसाठी आलेल्या मुलाकडून फी घेऊ नये, किंवा निदान फोनवर विचारपूस करावी, एवढे झाले तरी ‘वाट पाहा’ या सल्ल्याची किंमत पालकांच्या खिशातून निघून जाते. ज्यांना झडपेचा धोका खराखुरा आहे आणि ज्यांच्या घरी दहा दिवस औषध पाजणे जमणार नाही, अशा मुलांसाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते: २७ किलोखालच्या मुलाला सहा लाख युनिट, त्यावरच्याला बारा लाख. जीवघेण्या प्रतिक्रियेच्या धास्तीने अनेक डॉक्टरांनी ते देणे सोडले आहे आणि नफा नसल्याने त्याचा तुटवडाही अधूनमधून होतो. ती प्रतिक्रिया अत्यंत विरळ आहे, आणि तिच्यावरचे अ‍ॅड्रिनलिन कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात असायलाच हवे. तिथे हे इंजेक्शन, ते देण्याचा सराव असलेली परिचारिका आणि घशाची झटपट तपासणी या तीन गोष्टी बाराही महिने ठेवण्याचा खर्च, झडपेची एक शस्त्रक्रिया करण्याच्या खर्चापुढे कुठेच लागत नाही.